गिरणगाव कशावर उभं राहिलं?

गेल्या काही भागांत आपण गावाशेजारी येणाऱ्या प्रकल्पांबद्दल बोललो. खाण, धरण, पवनचक्क्या, औद्योगिक वसाहत. प्रत्येक वेळी गटांकडून एकच प्रश्न आला. पोरांना काम हवं हे खरं, पण त्यासाठी पाणी, रान आणि जमीन किती द्यायची? आणि दिल्यावर आपल्या पदरात काय पडतं?

हा प्रश्न नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी तो आपल्याच राज्यात पडला होता, आणि त्याचं उत्तर काय निघालं ते आज बघता येतं. त्यासाठी आपण मुंबईला, परळ-लालबागला जाऊ. कोकण आणि घाटावरच्या कितीतरी घरांतला आजा, चुलता किंवा मामा तिथल्या गिरणीत होता. गिरणीची मनीऑर्डर आपल्याला माहीत आहे. गिरणी चालायला काय काय लागलं आणि ते कुठून आलं, हे मात्र आपल्याला फारसं कुणी सांगितलं नाही.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. कंपनी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढच्या चाळीस वर्षांत गिरण्यांची संख्या सत्तरच्या आसपास गेली. गिरगाव, काळबादेवीकडची जुनी वस्ती दाटीची होती, म्हणून गिरण्या उत्तरेला सरकल्या. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, पुढे दादरपर्यंत. जिथे वाड्या, शेतं आणि तळी होती तिथे चिमण्या उभ्या राहिल्या. या भागाला लोक गिरणगाव म्हणू लागले. पण गिरणगावात ना कापूस पिकत होता, ना तिथे नदी होती, ना कोळसा. चौघी मिळून स्वयंपाक करायचा आणि शिधा सगळा शेजारच्या घरातून आणायचा, तशी ही गोष्ट. तेव्हा शिधा कुणाच्या घरातून आला ते एकेक करून पाहू.

कापूस

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं. त्याच वर्षी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली. पुढे रेल्वे खानदेशातून वऱ्हाडात आणि नागपूरपर्यंत गेली. लोहमार्गाचे स्लीपर सागाचे, आणि साग आला आपल्याच जंगलातून. १८७८ च्या जंगल कायद्यानं मोठमोठी रानं सरकारच्या राखीव ताब्यात गेली. ज्या रानात बाया सरपण आणायला आणि गुरं चारायला जात, तिथे जायला आता परवानगी लागू लागली.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईचे व्यापारी गबर झाले. सगळ्या दख्खनेत पैसा खेळू लागला आणि सावकार शेतकऱ्याला हात सैल सोडून उसने देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि भाव कोसळला. मुंबईत बँका बुडाल्या, पण शहर सावरलं. आता त्याच स्वस्त कापसावर त्याच्या गिरण्या चालणार होत्या. शेतकऱ्याला मात्र सावरायला जागा नव्हती. सारा वाढलेला, नवं उसनं बंद आणि जुन्याचं व्याज चढतं. शेवटी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतं आणि कर्जरोखे काढले आणि जाळले. पाहता पाहता पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत तसंच झालं. सरकारला १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

वऱ्हाडात ज्वारीच्या रानात कापूस शिरला. हातात रोकड आली हे खरं, पण कणगीतलं धान्य कमी झालं. १८९९-१९०० च्या दुष्काळात धान्याचे भाव भडकले तेव्हा कापूस पिकवणाऱ्या मुलखात माणसं भुकेनं मेली. कापूस खाता येत नाही, हे आपल्या आज्यांना कळत होतं. पण काय पेरायचं हे ठरवताना त्यांना विचारलं नव्हतं.

पाणी

गिरणीच्या बॉयलरला पाणी लागतं, आणि गिरणीत राबणाऱ्या माणसांनाही. मुंबईच्या विहिरी आणि तलाव पुरेनात. म्हणून मिठी नदी अडवून १८६० मध्ये विहार तलाव झाला. १८७९ मध्ये तुळशी झाला. तरीही भागेना, म्हणून शहराबाहेर, ठाणे जिल्ह्यात शहापूरच्या बाजूला, तानसा धरण झालं आणि १८९२ पासून तिथलं पाणी नळानं मुंबईला येऊ लागलं. नंतर मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि अगदी अलीकडे, २०१४ मध्ये, मध्य वैतरणा.

आज मुंबईला रोज जवळपास ३८५ कोटी लिटर पाणी पुरवलं जातं. त्यात शहराच्या हद्दीतल्या विहार-तुळशीचा वाटा अगदी थोडा. बाकी सगळं बाहेरून येतं, आणि त्यातलं बरंचसं शहापूर तालुक्यातून. त्याच शहापूर तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. मोठमोठ्या जलवाहिन्यांच्या आसपासच्या गावांतल्या बाया डोक्यावर हंडे घेऊन विहिरीच्या तळाचं पाणी वाटीनं भरतात. मुंबईच्या बाईला पाणी नको असं आम्ही म्हणत नाही. चाळीच्या सार्वजनिक नळावर पहाटे रांग लावणारी बाईही आपलीच होती. पण धरण बांधताना आधी धरणाखालच्या आणि धरणाकाठच्या गावाचा हंडा भरायचा, हा नियम त्या वेळी कुणी लिहून ठेवला नाही. आणि जे लिहून ठेवलं नाही ते सव्वाशे वर्षांनीही मागत बसावं लागतं.

वीज

ही गोष्ट जरा नीट ऐका. आजच्या काळाशी ती फार जुळते.

गिरण्या कोळशावर चालत. शंभरभर चिमण्यांचा धूर परळ-लालबागवर साचे. वाळत घातलेलं लुगडं काळं व्हायचं आणि छातीत खोकला बसायचा. धुराचा त्रास इतका वाढला की १९१२ मध्ये सरकारनं धुराविरुद्ध खास कायदा केला. त्याच सुमारास टाटा कंपनीनं एक योजना पुढे आणली. लोणावळ्याजवळ सह्याद्रीच्या माथ्यावर प्रचंड पाऊस पडतो. तो तलावात साठवायचा, नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडायचा आणि त्यावर वीज करायची. १९१५ मध्ये ही वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. कोळसा वाचला आणि धूर कमी झाला. योजना चांगलीच होती. आजच्या भाषेत आपण तिला स्वच्छ ऊर्जा म्हणू.

मग पुढची धरणं आली. त्यातलं एक मुळशीचं, नीला आणि मुळा नद्यांच्या संगमाजवळ. तिथे पन्नासहून जास्त गावं आणि आंबेमोहोर पिकवणारी भाताची खाचरं होती. मावळ्यांची ही वडिलोपार्जित जमीन होती. ती पाण्याखाली जाणार हे ठरलं मुंबईत. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी धरणाच्या जागेवर सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे पुढे होते. ‘जान किंवा जमीन’ अशी घोषणा होती. बायाही कामावर आडव्या पडल्या आणि तुरुंगात गेल्या. धरणाविरुद्ध लोकांनी संघटित होऊन दिलेल्या जगातल्या सुरुवातीच्या लढ्यांमध्ये या लढ्याची गणना होते.

पण सरकारनं भूसंपादनाचा कायदा कंपनीसाठी वापरला. बऱ्याच जमिनींचे कागद पुण्याच्या सावकारांच्या नावावर होते. त्यांना मोबदला मान्य होता. जे कुळ म्हणून राबत होते त्यांचं म्हणणं मागे पडलं. १९२४ पर्यंत सत्याग्रह संपला, धरण पुरं झालं आणि १९२७ मध्ये भिरा इथे वीज तयार होऊ लागली. उठलेली माणसं पांगली. काहींच्या पुढच्या पिढ्या तलावाच्या वरच्या डोंगरउतारांवरच राहिल्या. खाली स्वतःच्या बुडालेल्या शेताकडे बघत.

यात आणखी एक गोम आहे. हे पाणी मूळचं पूर्वेला वाहणारं, भीमेच्या खोऱ्यातलं. वीज करण्यासाठी ते पश्चिमेला, कोकणात उतरवलं. खोपोलीतून पाताळगंगेत आणि भिऱ्यातून कुंडलिकेत. तिकडे पुढे रसायनी-रोह्याचे कारखाने या पाण्यावर उभे राहिले. इकडे सोलापूरकडच्या दुष्काळी तालुक्यांतून मागणी होते की आमचं पाणी आम्हाला परत द्या. दोन्ही बाजूंना आता माणसं आहेत, शेतं आहेत, रोजगार आहेत. शंभर वर्षांपूर्वी वळवलेलं पाणी परत वळवणं सोपं राहिलेलं नाही.

गिरणगावचा धूर गेला याचा आनंदच आहे. पण तो घालवण्याची किंमत मुळशीच्या बाईनं मोजली आणि तिच्या घरात विजेचा दिवा नव्हता. आज आपल्या डोंगरांवर पवनचक्क्या येतात, माळावर सौरऊर्जेची पॅनेलं येतात. धुरापेक्षा ती बरी. तरीही स्वच्छ हा शब्द ऐकला की आपण एवढं विचारायचं: जमीन कुणाची, वीज कुणाला?

माणसं

चौथा शिधा माणसांचा. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्यातून तरुण माणसं गिरणीत गेली. मागे राहिलेल्या बायांनी शेती ओढली. म्हणजे गिरणीचा पगार कमी असला तरी गिरणी चालत होती, कारण घर अर्धं गावाच्या शेतावर चालत होतं. आजारी पडलेला, म्हातारा झालेला, संपावर असलेला कामगार गावी येई. त्याला सांभाळण्याचा खर्च मालकाच्या वहीत कधी लिहिला गेला नाही.

बायाही गिरणीत होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दीड लाखाच्या आसपास कामगार होते आणि त्यांतल्या साधारण पाचात एक बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत त्यांचं काम, बहुतेक उक्त्या दरानं. कापसाची पूड छातीत जाई. सूत तुटू नये म्हणून साचाखात्यात वाफ सोडलेली असे. त्या दमट हवेत माणूस दिवसभर उभा.

या माणसांनी हक्कही मिळवले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना सुरू केली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला हजारो कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायांनी भाषण केलं आणि आठवड्याची सुट्टी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्यानं बायांचे कामाचे तास अकरावर आणले. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा झाला. मात्र पुढे नवी यंत्रं आली, कामगार कमी करायचे ठरले, तेव्हा आधी बायाच कमी केल्या गेल्या.

कामावरून गेलेल्या आणि घर चालवणाऱ्या कितीतरी बायांनी खाणावळ धरली. एकट्या कामगारांना दोन वेळचं जेवण घालायचं आणि पगाराच्या दिवशी पैसे घ्यायचे. शिधा भरायला सावकाराकडून जबर व्याजानं कर्ज. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. आज आपण बचत गटात जे करतो ते गिरणगावातल्या खाणावळवाल्यांनी तेव्हाच करून दाखवलं होतं.

शेवटी उरली जमीन

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाहून जास्त गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. हा संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. हजारो माणसं गावी परतली आणि गावानं त्यांना पुन्हा पोसलं. अनेक गिरण्या एकामागून एक बंद पडल्या.

तेव्हा लक्षात आलं की गिरणीत कापडापेक्षा मोलाचं एक होतं, ते म्हणजे जमीन. मुंबईच्या मधोमध सुमारे ६०० एकर. त्यातली काही सरकारची किंवा पालिकेची, भाडेपट्ट्यानं दिलेली. १९९१ मध्ये सरकारनं नियम केला की गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे तीन वाटे पडतील. एक मोकळ्या जागांसाठी पालिकेला, एक सर्वसामान्यांच्या घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. इतका सरळ हिशेब आपल्या बांधावरही क्वचित होतो. मालकाला पैसा, कामगाराला घर आणि शहराला श्वास घ्यायला जागा.

२००१ मध्ये या नियमात बदल झाला. तीन वाटे सगळ्या जमिनीचे नाहीत, फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या भागाचे करायचे असं ठरलं. ज्या भागावर गिरणीच्या इमारती उभ्या होत्या तो हिशेबातून वगळला. गिरणीच्या आवारात मोकळी जागा ती किती असणार? सार्वजनिक वाटा एकदम आक्रसला. पर्यावरणासाठी काम करणारी एक संस्था उच्च न्यायालयात गेली. २००५ मध्ये तिथे निकाल लोकांच्या बाजूनं लागला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं २००१ चा बदल वैध ठरवला. नियमातल्या दोन-चार शब्दांनी मोठं मैदान हातातून गेलं.

बंद गिरण्यांच्या कामगारांसाठी दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला. घरं मिळाली, पण कमी आणि उशिरा. २०१२ मध्ये ६,९२५ घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या आसपास.

परळ-लालबाग आता टॉवरांचं आहे. तिथे काम आहे, पगार आहेत, हेही खरं. पण मुंबई सात बेटं जोडून, भर घालून झालेली. परळ-दादरचा काही भाग सखल आहे. हिंदमाता परिसरात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहर बुडालं. पाणी मुरायला मोकळी माती लागते. हिंदमाताचं पाणी साठवायला पालिकेनं अलीकडे उद्यानाखाली आणि मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. जी मोकळी जागा गिरण्यांच्या जमिनीतून मिळू शकली असती, तिचं काम आता जमिनीखाली काँक्रीटनं करावं लागतं.

आपण काय घ्यायचं

मैत्रिणींनो, गिरण्या नकोत असं या गोष्टीतून निघत नाही. गिरणीच्या पगारावर गावाकडे शाळा शिकली गेली, घरं कौलारू झाली, लग्नं झाली. पण शंभर-सव्वाशे वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा झाली. कापूस, पाणी, रान, वीज, माणूस हे सगळं देणाऱ्याचं नाव करारात नव्हतं. जिथे नाव होतं, जसं रविवारच्या सुट्टीत किंवा बाळंतपणाच्या कायद्यात, तिथे हातात काहीतरी राहिलं. आणि तीन वाट्यांच्या नियमात नाव होतं, पण त्यावर पहारा नव्हता म्हणून ते पुसलं गेलं.

आज आपल्याकडे मुळशीच्या बाईकडे नव्हती ती साधनं आहेत. मोठ्या प्रकल्पांना पर्यावरण परवानगीआधी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना ३० दिवस आधी द्यावी लागते आणि प्रकल्पाचा सारांश मराठीत बघायला मिळावा लागतो. जमीन घेताना २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणाम तपासण्याची तरतूद आहे. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा असते. तिथे ठराव लिहून घेता येतो.

तेव्हा तुमच्या गावात प्रकल्पाची गोष्ट निघाली तर गटाच्या बैठकीत वही उघडा आणि पाच ओळी लिहा. पाणी किती नेणार आणि उन्हाळ्यात आधी कुणाला? चराई आणि सरपणाचं रान कुठे मिळणार? कामावर गावातल्या बायांना किती आणि कोणत्या पगारावर घेणार? कुळानं, भूमिहीनानं, शेतमजूर बाईनं काय गमावलं, ते मोबदल्यात धरलंय का? आणि काम बंद पडल्यावर जमीन कुणाची होणार?

शेवटचा प्रश्न विसरू नका. गिरणी उभी राहताना तो कुणी विचारला नव्हता. या पाच ओळींवर गटातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या, ग्रामपंचायतीत द्या आणि पोच घेऊन ती गटाच्या पेटीत ठेवा. तुमच्या गावात असं काही चाललं असेल तर आम्हाला कळवा. पुढच्या भागात महिला ग्रामसभेचा ठराव कसा लिहायचा ते आपण मिळून बघू. नमस्कार.